गुप्तदानाचे डबे

या, अशा जवळ सरका. सतरंजी मोठी आहे म्हणून लांब लांब बसू नका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. महाराज अजून चहा घेतायत, मृदंगाला कणीक लावणं चाललंय, तोवर एका गाडीची, एका कढईची आणि एका म्हातारीची हकिगत ऐकून घ्या. फक्त आत्ताच जेवून आला असाल तर तोंडात बडीशेप धरा. पोटात ढवळेल, मग मला बोल लावाल. पण कीर्तनाला बसणाऱ्या माणसानं ही गोष्ट ऐकलेली बरी.

तर भीमेच्या काठाला, वडगाव रासाईच्या पुढं, उसात बुडालेली एक चिंचबनवाडी आहे. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. या वाडीत रखमाजी राहतो. मूळचा कवठे येमाईकडचा. त्याचा आजा मेंढरं घेऊन दर साली या काठाला उतरायचा, बापानं मेंढरं मोडून इथंच जमिनीचा तुकडा घेतला, आणि रखमाजीनं घेतली एक जुनी सहाचाकी गाडी. कांदा, वीट, ऊस, शेणखत, मिळेल ते भाडं मारायचं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की त्यानं अलीकडच्या काठावरून हाळी द्यावी आणि दौंड तालुक्यातल्या माणसानं ‘ओ’ द्यावी. मेंढरं वळवणाऱ्या घराण्याचा गळा तो!

डिझेलचा भाव परवडेना तेव्हा दौंडच्या एका म्हाताऱ्या फिटरनं त्याला युक्ती दिली. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, हात काळे आणि डोकं भन्नाट. म्हणाला, “रखमाजी, ही गाडी जुनी हाय म्हणून बोलतो. नव्या गाड्यांचे नखरे असत्यात. हिला तळणीचं टाकाऊ तेल पाज, पाण्यासारखं पिईल.” त्यानं दुसरी टाकी बसवून दिली. रेडिएटरचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून त्या टाकीत फिरवलं, म्हणजे घट्ट तेल पातळ होतं. केबिनमध्ये एक कॉक बसवला. गाडी डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची, आणि बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर आणायची. हे विसरलं की नळीत तेल थिजतं, आणि मग सकाळी गाडीच्या खाली झोपून आईबाप आठवायचे.

गाडी पळाली. खरंच पळाली. पण ते तेल!

सणसवाडीला कंपन्या, कंपन्यांमागं खोल्या, खोल्यांपुढं खाण्याच्या गाड्या. रखमाजी आठवड्यातून एकदा तिकडं जायचा. हॉटेलांची मागची दारं त्याला पाठ झाली होती. तिथं भिंतीला टेकून तेलाचे डबे ठेवलेले असायचे. काळं, दाट, बेडक्यासारखी तार धरणारं तेल. वर पिवळा फेस, खाली बोटभर गाळ. गाळात काय नसायचं? भज्यांचा करपलेला चुरा, मिरचीची देठं, कोंबडीची कातडी, बोंबलाच्या शेपट्या, पाय वर करून तळलेलं झुरळ. एकदा तर उंदराचं पिल्लू निघालं, अख्खं, कुरकुरीत, मिशांसकट. रखमाजीनं डबा तिथंच ठेवला आणि भिंतीला हात लावून सकाळची भाकरी ओकून टाकली. आतला बिहारी आचारी दारात येऊन हसला, “क्या चाचा, गाड़ी को तो चलता है, आपको नहीं चलता?”

घरी आणून ते तेल उन्हात निवळायचं, जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळायचं, खालचं पाणी आणि गाळ सोडून द्यायचा. फडकं पिळताना बोटांच्या बेचक्यातून ते ओघळायचं आणि कोपरापर्यंत जायचं. साबणानं निघत नाही, राखेनं निघत नाही. नखांत राहतं, टोपीत राहतं, उशीत राहतं. आणि माणूस माळकरी! ज्यानं जन्मात अंडं फोडलं नाही त्याच्या अंगाला मासळीबाजाराचा वास.

बायको म्हाळसा दारातच उभी असायची. “आदी नळावर जावा. तसंच आत आलात तर भाकर चुलीत घालीन.”

“अगं, धुतलंय की हात!”

“हात धुतलं, पर मानसाचं काय? मांजर मागं लागलंय बगा तुमच्या.”

खरंच मांजर मागं असायचं. गाडीमागं कुत्री असायची. गाडीचा धूर नाकात गेला की न्हावऱ्याच्या चौकातली कुत्री जिभा काढून पळत सुटायची, आणि टपरीवरची माणसं ओरडायची, “आली रं, भज्यांची गाडी आली! रखमाजीआबा, दोन प्लेट द्या, चटनी जास्ती!” रखमाजीही हसायचा. पण हसून झाल्यावर खिडकीबाहेर थुंकायचा. रोजची शिसारी अशी घशाशी येऊन बसलेली असायची.

एकदा त्यानं धीर करून वाडीच्या सप्ताहाला येणाऱ्या महाराजांना विचारलं होतं, “म्हाराज, मी माळकरी. गाडीला ह्ये पाजतो. पाप लागंल का?” महाराज खळखळून हसले. म्हणाले, “गाडीच्या गळ्यात माळ घातलीस का रे?” “न्हाई.” “मग पिऊ दे तिला. तुझ्या पोटात आणि दुसऱ्याच्या पोटात जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं.” रखमाजीला केवढा धीर आला! घरी येईपर्यंत गाडीत तो मोठ्यानं नामघोष करत होता.

आता वाडीच्या सप्ताहाचं सांगतो. माघात तिथं अखंड हरिनाम सप्ताह असतो. काल्याच्या दिवशी सकाळी कीर्तन आणि मग महाप्रसादाची पंगत. आणि तिथली रीत अशी: पानं मांडली, वाढून झालं, तरी कुणी घासाला हात लावायचा नाही. शेवटच्या पानावर शेवटचा पदार्थ पडला की एक माणूस मांडवाच्या मधोमध उभा राहतो आणि पुंडलिक वरदेचा गजर देतो. तो गजर झाला की सारी वाडी एकदम पहिला घास घेते. लेकरंसुद्धा थांबतात. हा गजराचा मान वाडीत फार मोठा. सरपंचाला नाही, महाराजांना नाही. ज्याच्या गळ्यात भगवंतानं आवाज दिला त्याला.

जुने गजरवाले आण्णा वारल्यापासून रखमाजी या मानाची वाट बघत होता. त्याच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दर साली कमिटीत कुणीतरी नाक मुरडायचं. “गळा ब्येस हाय, पर अंगाला वास मारतो ना! देवाच्या पंगतीत भज्याचा वास?” विषय संपायचा. रखमाजी खाली बघायचा. त्याच्या बापाला या वाडीनं उपरा मेंढरवाला म्हणून कधी पंगतीच्या मधोमध बसू दिलं नव्हतं, आणि याला उभं राहू देत नव्हती.

त्या साली मात्र कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब स्वतः त्याच्या दारात आले. बापूसाहेब म्हणजे मोठे बागायतदार, सोसायटीत वजन, मांडवात पहिली खुर्ची त्यांची. म्हणाले, “रखमाजी, औंदा गजर तू द्यायचा. आन् दौंडहून भांडी आणायला गाडी बी तुझीच. भाडं मागू नको.”

“भाडं कशाचं बापूसाहेब! तुमी एवढं म्हणलासा…”

“फक्त अंघोळ नीट कर. घासून. पुण्याहून मोठी माणसं यायचीत.”

त्या रात्री म्हाळसानं नवऱ्याचं धोतर निळीत घातलं. आणि माणसं हो, इथूनच गोष्ट नासायला लागली.

काल्याच्या दिवशी पहाट फुटताच रखमाजी दौंडहून कढया, पातेली, झारे, परातींनी गाडी भरून आला. गाडीत भांड्यांच्या मागं त्याचे स्वतःचे तेलाचे डबे होते. गाळून, निवळून, टाकीत भरायला तयार ठेवलेले. आणि डबे कसले? किराणा दुकानातून विकत घेतलेले रिकामे, गोड्या तेलाचेच डबे. वर सूर्यफुलाचं चित्र, बूच घट्ट बसवलेलं. त्या सालच्या थंडीत त्यानं लुगड्याच्या दुप्पट घड्या घालून गाळलं होतं, त्यामुळं तेल निघालं होतं मधासारखं. दिसायला.

मंदिरामागं चुलवणापाशी गाडी लावून तो थेट घरी अंघोळीला पळाला. बापूसाहेबांनी सांगितलं होतं ना, घासून! मागं पोरांनी गाडी रिकामी केली. भांड्यांबरोबर डबेही उतरले.

आता वाडीची दुसरी रीत ऐका. सप्ताहात गुप्तदान फार. पहाटे देवळाच्या पायरीवर कुणी साखरेचं पोतं ठेवून जातो, कुणी गुळाची ढेप, कुणी तेलाचा डबा. त्यावर नाव नसतं. आणि ‘हे कुणाचं?’ असं विचारायचं नाही. विचारलं की देणाऱ्याचं पुण्य उणं होतं, अशी श्रद्धा. त्यामुळं उतरवलेले डबे बघून कुणी विचारलंच नाही. आचारी पोपटनं डब्यांना हात जोडले, बूच काढलं आणि कढईत ओतलं. त्याला वाटलं, कुणा पुण्यवंतानं भांड्यांच्या आड लपवून तेल पाठवलंय. केवढी ही नम्रता!

रखमाजी आला तेव्हा कीर्तन रंगात होतं. पांढरं धोतर, नवी टोपी, हातात टाळ. महाराज काल्याचा प्रसंग सांगत होते. यमुनेचं वाळवंट, गवळ्यांची पोरं, कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाचं आंबट ताक, आणि देव मध्ये बसून सगळ्यांचं एकत्र कालवतोय. पेंद्याचं बोबडं बोलणं महाराजांनी असं काही काढलं की बाया पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. रखमाजीचे डोळे भरून आले. टाळ वाजत होते, आणि तो मनात गजराचा सूर लावून बघत होता.

तेवढ्यात वारं फिरलं.

मांडवाच्या मागून धुराबरोबर एक वास आला. रखमाजीचा टाळ चुकला. तो वास त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होता. कोंबडीच्या कातडीचा, जुन्या बोंबलाचा, पुन्हापुन्हा तापून कडू झालेल्या तेलाचा तो वास त्याच्या उशीत होता, घामात होता. पहिल्यांदा त्यानं स्वतःचीच बाही हुंगली. साबणाचा वास आला. मग टाळ खाली ठेवून तो मागं पळाला.

चुलवणावर पोपट बुंदीचा झारा आपटत होता. परातींत पिवळ्याजर्द बुंदीच्या राशी, टोपल्यांत टम्म पुऱ्या. बाजूला चार रिकामे डबे आडवे पडलेले. एकाच्या बुचाला अजून रखमाजीच्या घरच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती.

“पोपट, ह्ये त्याल कुठलं?”

“गुप्तदान.”

“आरं पर आलं कुठनं?”

“तुझ्याच गाडीत हुतं की, भांड्यांच्या मागं! पोरांनी उतरवलं. लई पुण्यवान माणूस बग. आमटीची फोडनी बी त्याच्यातच दिली.”

“तुला वास न्हाई आला?”

“आला की! म्हणून तर सांगतो, ती गाडी हलव आदी. सकाळधरनं समदे बोंबलत्यात, परसादाला भज्यांच्या गाडीचा वास लागलाय म्हणून.”

असं झालं होतं. वास सगळ्यांना आला होता, आणि सगळ्यांनी तो रखमाजीच्या गाडीचा म्हणून सोडून दिला होता. चूक म्हणावी तर तेवढीही नाही. वास गाडीचाच होता!

रखमाजीला त्या परातीकडं बघवेना. प्रत्येक दाण्यावर तूप असल्यासारखी तकाकी, आणि त्याला त्यात दिसत होत्या उंदराच्या मिशा. तो बापूसाहेबांना शोधत सुटला.

बापूसाहेब मांडवाच्या तोंडाशी पुण्याच्या पाहुण्यांना फेटे बांधायला लावत होते. रखमाजीनं त्यांना बाजूला घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं.

बापूसाहेबांचा चेहरा उतरला, नाक आक्रसलं, ओठ खाली ओढले गेले. रखमाजीला वाटलं, आता हे ओरडतील, ‘ओता ते सगळं!’ पण बापूसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

“अजून कुणाकुणाला म्हाईत हाय?”

“कुणालाच न्हाई.”

“मंग कुणालाच म्हाईत न्हाई. कळलं? गाळलेलं हाय ना? तापलेलं हाय ना? आगीत समदं शुद्ध हुतं.”

“बापूसाहेब, समदी माळकरी माणसं हैत ती! म्हाराज हैत! कोंबड्याचं, मासळीचं…”

“हळू! पंगत बसायची वेळ झाली. पावनी आल्यात. आता वाडीची आब्रू घालवतोस? तुझी तर जाईलच, माझी बी जाईल. पावन्यांचं मी बघतो. त्यांच्यासाठी मघाशीच दौंडची जिलबी आणलीय. तू मुकाट जा, बुंदी वाढ, आन् झोकात गजर दे. तुझ्या बापाला जे मिळालं न्हाई ते तुला मिळतंय. घालवू नको.”

आणि जाता जाता त्यांनी आपल्या पोराला, सार्थकला, हाक मारून सांगितलं, “माझं पान मांडू नको रं. माझा आज उपास हाय.”

काल्याच्या दिवशी उपास! एकादशी सरलेली, द्वादशी सरलेली, जग महाप्रसादाला धावतंय, आणि या माणसाला उभ्या उभ्या उपास लागला.

रखमाजी तिथंच उभा राहिला. आजवर त्यानं काय काय बघितलं होतं, पण अशी किळस त्याला कधी आली नव्हती. हॉटेलातला गाळ निदान गाळासारखा दिसायचा. हा इस्त्रीच्या कपड्यांत होता, अत्तर लावून होता आणि हात जोडून पाहुण्यांना ‘या, या’ म्हणत होता. आणि खरी ओकारी तर पुढं आली. कारण त्याच्या स्वतःच्याच मनात एक आवाज म्हणाला, ‘खरंच की. कुणाला कळणारंय?’

पंगत बसली. कुणीतरी त्याच्या हातात बुंदीची बादली दिली. आणि मायबाप हो, रखमाजीनं ती घेतली. खोटं कशाला बोलू? घेतली. एका पानावर वाढलं, दुसऱ्यावर वाढलं. माणसं हात पुढं करून म्हणत होती, “रखमाजी, दोन दाणे वरनं!” “आबा, आज गजर तुमचा, आवाज न्हाय कमी पडाय पायजे!” वाटीबरोबर त्याचा हात चिकट होत होता. एक म्हातारा पानावरच्या बुंदीला बोट लावून ते बोट कपाळाला लावत होता, अंगारा लावतात तसं.

शेवटच्या पानावर भात पडला. मांडव शांत झाला. शेकडो हात पानांपाशी थांबलेले. बापूसाहेबांनी माईक पुढं केला आणि डोळ्यांनी खूण केली.

रखमाजी मधोमध उभा राहिला. त्यानं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला, तर त्या श्वासाबरोबर तोच वास आत गेला. त्याला कळून चुकलं की या गळ्यातून आत्ता देवाचं नाव निघालं तर ते त्या तेलातून तळून निघेल.

माईक बाजूला सारून तो म्हणाला, “कुनी घास घेऊ नका.”

माईकची गरज कुठं होती? नदीपलीकडं ऐकू गेलं असेल.

“बुंदी, पुरी, आमटी, कशालाच हात लावू नका. ते माझ्या गाडीचे डबे हुते. गुप्तदान न्हवं. हॉटेलातलं तळणीचं त्याल हाय. कोंबडीचं, मासळीचं, समद्याचं. मी गाडीला पाजतो ते. मला मघाशीच कळलं, तरी मी वाढलं. माजी जीभ झडली न्हाई, म्हणून सांगतो.”

मग जे झालं ते सांगू नये असं. पानं उलटली, पातेली लवंडली, बाया लेकरांच्या तोंडात बोटं घालायला लागल्या. “थू थू” असा एकच आवाज. मांडवाबाहेर कुत्र्यांना उलटी पानं सापडली आणि ती अशी तुटून पडली की बघणाऱ्याला आणखी मळमळावं. पुण्याचे पाहुणे जिलबीचं ताट धरून, रुमाल नाकाला लावून गाडीत बसले. बापूसाहेब सगळ्यांच्या पुढं येऊन मोठ्यानं म्हणाले, “बगा! म्हणूनच मी म्हणत हुतो, असल्या माणसाला मान देऊ नका!” हे वाक्य बोलताना त्यांची जीभ अडखळली नाही. भरल्यापोटी, सॉरी, उपाशीपोटी बोलले ना!

बाळासो नावाचा रांगडा गडी नातवाला कडेवर घेऊन धावत आला आणि दुसऱ्या हातानं रखमाजीची माळ पकडली. “काढ! काढ ती माळ! आमचा धरम बुडवलास आन् माळ घालून मिरवतोस?”

“माळ सोड, बाळासो,” मागून एका म्हातारीचा आवाज आला.

बायांच्या पंगतीतून दगडाबाई उठली होती. साऱ्या वाडीची दगडाआत्या. सोवळ्याओवळ्याला इतकी कडक की बाजारचा वडा घरात आलेला कळला तर ती पातेलंच नव्हे, फडताळ घासायची. चातुर्मासात कांद्याच्या वाफ्याजवळून जाताना पदर नाकाला. रखमाजीनं तिला येताना बघितलं आणि मान खाली घातली. वाटलं, आता पायातलं घेऊन मारेल. मारू दे.

म्हातारी बाळासोपुढं उभी राहिली आणि तिनं आपल्याच माळेला हात घातला. “त्याची काढायची तर आदी माजी काढ.”

“तुमची का, आत्या?”

“म्या खाल्लीय.”

म्हातारीनं बुंदीच्या परातीकडं बोट केलं.

“मगाशी पोपटानं मूठभर दिली, गोडी बगाय. दात न्हाईत, चघळून चघळून खाल्ली. गोड लागली मला. आनखी मागून घेतली.” तिनं आपली माळ बाळासोपुढं धरली. “काढ. उगं त्या गरिबाच्या गळ्याला का लोंबकळतोस?”

बाळासोचा हात सुटला. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “आरं, तुज्या नातवाचा गाल पुस आदी.” कडेवरच्या पोराच्या गालाला बुंदीचा पिवळा दाणा चिकटलेला होता, आणि ते पोर तो दाणा जिभेनं शोधत होतं. एक बाई फिसकन हसली. मग वाढप्यांपैकी एकजण म्हणाला, “म्या बी पुरी खाल्ली, मागं.” दुसरा म्हणाला, “म्या आमटी चाखली.” जे तोंड लपवत होते ते एकेक पुढं यायला लागले. आत्यानं खाल्लं म्हटल्यावर कोण कुणाला बाटवणार?

“भात तेवढा सोवळा हाय,” दगडाबाई म्हणाली. “ताकाचा डेरा हाय. मीठ घ्या आन् कालवा. हिकडं बगत बसू नका, परात उचला!”

तिच्या हुकमानं माणसं हलली. महाराज कुणी बोलवायच्या आधीच पत्रावळ घेऊन मातीत बसले, आणि ताकभाताचा गोळा हातावर घेऊन त्यांनी स्वतःच गजर दिला. बसक्या आवाजात. कीर्तन करून घसा गेलेला. तरी वाडीनं घास घेतला.

दगडाबाईनं मात्र घेतला नाही. ती देवळामागं लिंबाच्या बुंध्याला धरून ओकत होती. रखमाजी तांब्या घेऊन धावला. म्हातारीचं एवढंसं शरीर, त्यातून आतडी बाहेर येतील असं वाटत होतं. तो हातावर पाणी घालत राहिला. त्याच्या डोळ्यांतून धारा.

“आत्या, माज्यापायी…”

“गप. पानी वत.” तिनं चूळ भरली, थुंकली, पुन्हा चूळ भरली. “त्वांड लई घान झालंय रं.”

“माजं तेलच तसलं हाय, आत्या.”

“तुज्या तेलाचं न्हाई म्हनत. ते निघंल मिठाच्या पान्यानं. त्या बापूचा उपास, सार्थकला सांगताना ऐकला म्या, त्यो घशात अडकलाय माझ्या. त्यो काय निघत न्हाई.” आणि ती पुन्हा थुंकली.

पुढं काय झालं म्हणाल तर फार काही झालं नाही. बापूसाहेब अजून अध्यक्ष आहेत. पुढच्या सालापासून गजर तेच देतात, माईकवर. गळा नाही, पण माईक चांगला आहे. रखमाजीला तो मान पुन्हा कुणी विचारला नाही, आणि त्यानंही मागितला नाही. गाडी त्याच तेलावर चालते, कारण पोट आहे. पण तेल तो आता निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवतो, गोड्या तेलाचा डबा घराच्या आसपास येऊ देत नाही, आणि लग्नात कुणी बुंदी वाढायला आलं की पानावर हात आडवा धरतो. किळस गेलेली नाही. ती जायचीही नाही.

दगडाबाई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. शेवटपर्यंत माळ गळ्यात होती, कुणी काढायला धजलं नाही. तिला पोरबाळ नव्हतं, श्राद्धाला पान मांडणारं कुणी नाही. म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागतो: आज महाप्रसादाला बसाल, पान वाढून होईल आणि घासापाशी हात थांबेल, तेव्हा तेवढ्या क्षणभरात दगडाआत्याची आठवण काढा.